माणूस आत गेल्यावर: खटल्याआधीचे अर्ज, जामीन आणि तुरुंगातल्या सोयी

१ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एल्गार परिषद प्रकरणात एक निकाल दिला. पुण्याच्या ज्या सत्र न्यायालयाने दोषारोपपत्रासाठी मुदतवाढ दिली होती, त्याला ती देण्याचा अधिकारच नव्हता असं ठरलं. मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने जामीन मिळण्याचा फायदा मात्र एकट्या वकील सुधा भारद्वाज यांना मिळाला. भायखळ्याच्या महिला कारागृहातून त्या आठवडाभरात बाहेर आल्या. बाकीच्या आठ सहआरोपींची मागणी फेटाळली गेली, कारण हा हक्क निर्माण झाला तेव्हा त्यांनी त्यासाठी अर्ज केला नव्हता, असं कोर्टाचं मत पडलं.

मुदतवाढीतली चूक तीच, फरक एका वेळेवरच्या अर्जाचा. अटकेपासून आरोप निश्चित होईपर्यंतच्या काळात माणूस दोषी की निर्दोष हे कोणी ठरवत नसतं. तो कुठे झोपेल, औषध कधी मिळेल, वकिलाशी एकांतात बोलता येईल का आणि किती महिने आत राहील, एवढंच ठरत असतं. ते ठरतं कागदावर. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार न्यायाधीन बंदी म्हणजे कच्चे कैदी होते. यातल्या कितीतरी घरांना कोणता कागद कधी द्यायचा हे सांगणारं कोणी नसतं. हा लेख त्या घरांसाठी आहे.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, आली आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात अजून अर्धे लोक जुनीच कलमं बोलतात, म्हणून गरज असेल तिथे जुना आकडा कंसात दिला आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. गोव्यात संहिता हीच, पण तुरुंगाचे नियम राज्यागणिक वेगळे असतात.

पहिले २४ तास

पोलीस ठाण्यात पोचलात की भांडू नका, चार गोष्टी लिहून घ्या: गुन्हा रजिस्टर नंबर, लावलेली कलमं, तपासी अंमलदाराचं नाव आणि अटकेची नेमकी वेळ. ठाण्यात आणल्याची वेळ आणि कागदावरची अटकेची वेळ यांत पुष्कळदा तफावत असते. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याचं बंधन (कलम ५८) मोजताना तीच तफावत कामाला येते. 'सकाळी अकराला घरातून नेलं' हे शेजाऱ्याच्या फोनवरच्या मेसेजातून, सोसायटीच्या सीसीटीव्हीतून किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यातून सिद्ध होऊ शकतं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते त्याच दिवशी मागा.

एफआयआर सहसा २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांत ती तिथे दिसत नाही, कोर्टातून नक्कल मागावी लागते.

अटकेची कारणं लेखी मिळाली का, हे विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र सरकार या वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, गुन्हा कुठलाही असो, कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायलाच हवीत. अटकेच्या क्षणी शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या हुकमासाठी, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडली पाहिजेत. पाळलं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात. 'कलम अमुकप्रमाणे गुन्हा केला म्हणून अटक' असा छापील मजकूर म्हणजे कारण नव्हे. या माणसाने काय केल्याचा संशय आहे, ते त्यात असायला हवं.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्याच आवारात असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 'आम्ही काही दारिद्र्यरेषेखालचे नाही' म्हणून लोक संकोचतात आणि मग कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला हजारो रुपये देऊन बसतात.

रिमांडच्या दिवशी

रिमांड पाच मिनिटांत उरकतो. आरोपीला पुढे उभं करतात, मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' तो आजूबाजूला उभ्या असलेल्या शिपायांकडे बघतो आणि मान हलवतो. रोजनाम्यात नोंद होते, 'मारहाणीबाबत तक्रार नाही.' हे वाक्य पुढे वर्षभर पाठ सोडत नाही.

म्हणून वकिलाला आधी दोन मिनिटं आरोपीशी बोलू द्या अशी विनंती कोर्टालाच करावी. मारहाण झाली असेल तर ती तिथेच आणि त्याच वेळी सांगावी. जखमा कुठे आहेत ते दाखवावं आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज लेखी द्यावा. अटकेनंतरची तपासणी कलम ५३ (५४) खाली होतेच, आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. ही प्रत मागणारे फार थोडे. सरकारी दवाखान्यातल्या त्या एका पानावर 'ताजी जखम नाही' असं लिहिलेलं आहे का, ते त्याच आठवड्यात कळलं तर दुसऱ्या तपासणीची मागणी करता येते. महिन्यानंतर जखमही राहत नाही.

पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, एकूण १५ दिवसांची. जुन्या कायद्यात ती सुरुवातीच्या पंधरवड्यातच संपायची. आता ती तुकड्यातुकड्यांनीही मागता येते: ६० दिवसांच्या मुदतीच्या गुन्ह्यांत पहिल्या ४० दिवसांत, ९० दिवसांच्या गुन्ह्यांत पहिल्या ६० दिवसांत. त्यामुळे माणसाला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली म्हणून पोलिसांचा ताबा संपला असं समजू नका. सरकारी वकील जामिनाला विरोध करताना 'अजून पीसीआरचे दिवस शिल्लक आहेत' म्हणतात. पण पहिल्या १५ दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढंच जामीन नाकारायला पुरेसं कारण नाही, असं कलम ४८० मध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या वकिलाला हे माहीत असेलच, तरी आठवण करून द्यायला हरकत नाही.

त्याच दिवशी आणखी दोन छोटे अर्ज देता येतात. चौकशीच्या वेळी, पूर्ण वेळ नसला तरी, वकिलाला भेटू द्यावं यासाठी एक (कलम ३८). आणि नियमित औषधं चालू असतील तर ती कोठडीत द्यावीत यासाठी दुसरा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवून हे अर्ज पुढच्या तारखेला ढकलले जाऊ शकतात. औषधाच्या अर्जावर मात्र 'आजच हुकूम व्हावा' म्हणून हट्ट धरावा.

दिवस मोजायची वही

सगळ्यात जास्त पस्तावा इथेच होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो: कलम १८७(३), जुनं १६७(२). कोर्टात याला डिफॉल्ट बेल म्हणतात. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे असतील तर मुदत ९० दिवस, बाकी ६०. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) यांत ती सरकारी वकिलाच्या अहवालावर १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. शिक्षा 'दहा वर्षांपर्यंत' असेल तर ६० की ९० यावर वाद घालता येतो. राकेश कुमार पॉल निकालात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने असा गुन्हा ६० दिवसांत धरला होता. म्हणून अशा प्रकरणात अर्ज साठाव्या दिवशीच टाइप करून तयार ठेवावा.

मोजायचं कुठून? अटकेच्या तारखेपासून नाही. मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला तो दिवस पहिला. कपिल वाधवान प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला: रिमांडचा दिवस धरायचा. समजा पहिला रिमांड १ सप्टेंबरला झाला. साठावा दिवस येतो ३० ऑक्टोबरला, हक्क निर्माण होतो ३१ ऑक्टोबरच्या सकाळी. ९० दिवसांचं गणित असेल तर २९ नोव्हेंबरला मुदत संपते आणि अर्ज ३० नोव्हेंबरला. मधल्या रविवारच्या, दिवाळीच्या सुट्ट्या वजा होत नाहीत. कोविडच्या टाळेबंदीतसुद्धा ही मुदत वाढली नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी दुपारी दोषारोपपत्र दाखल झालं आणि तुमचा अर्ज संध्याकाळी आला तर हक्क गेला. अर्ज सकाळी कोर्ट उघडताच दाखल झाला आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तर हक्क टिकतो. त्यामुळे वकिलाने त्या सकाळी फायलिंगच्या टेबलावर असायला हवं, अर्जावर तारीख आणि वेळेचा शिक्का हवा. 'जामीन देण्यास तयार आहोत' हे वाक्य अर्जात हवंच. सुट्टीचा दिवस असेल तर रिमांडसाठी बसलेल्या कोर्टापुढे अर्ज जातो. आदल्या दिवशी बेंच क्लार्ककडे चौकशी करून ठेवा. आणि अर्ज मंजूर झाला तर त्यात ठरवलेल्या रकमेची, जामीनदाराची पूर्तता लगेच करा, रेंगाळू नका.

घरी एक वही करा. पहिल्या पानावर रिमांडची तारीख, साठावा, एकसष्टावा, नव्वदावा, एक्याण्णवावा दिवस. पुढच्या पानांवर प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं, कोण वकील होते, पुढची तारीख. वकिलावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याच्याकडे शंभर फायली असतात, तुमच्याकडे एक.

नेहमीचा जामीन, थोडक्यात

कलम ४८० (४३७) मॅजिस्ट्रेटकडे, ४८३ (४३९) सत्र व उच्च न्यायालयात. मध्ये हस्तक्षेपाचा दुसरा अर्ज आलेला नसेल तर जामीन अर्ज साधारण दोन आठवड्यांत निकाली निघावेत, असं सतेंदर कुमार अंतिल निकालात (जुलै २०२२) म्हटलं आहे. प्रत्यक्षात 'से' यायलाच तारखा जातात. तरी हा निकाल दाखवून लवकरची तारीख मागता येते. स्त्री, आजारी किंवा अशक्त माणूस असेल तर कलम ४८० मध्ये वेगळी सवलत आहे. ती अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा, शेवटच्या नाही.

एक कलम घरच्यांनी स्वतः लक्षात ठेवावं: ४७९. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, किंवा आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ गेला असेल, तर सुटकेचा विचार व्हायला हवा. असा अर्ज करणं तुरुंग अधीक्षकाचंच काम आहे. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे तिथे हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असले की अडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या प्रकरणांतल्या बंद्यांनाही हे लागू आहे. अधीक्षकाने अर्ज केला नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून त्याला पत्र पाठवा.

तुरुंगाच्या दारात

आर्थर रोड असो, येरवडा, तळोजा, कळंबा की हर्सूल, आत गेल्यावर झडती, नोंद आणि वैद्यकीय तपासणी होते. त्या पहिल्या तपासणीत जुने आजार, चालू औषधं आणि पोलीस कोठडीतल्या जखमा नोंदवल्या गेल्या पाहिजेत. ही गोष्ट आत जाणाऱ्या माणसाला रिमांडच्या दिवशीच सांगून ठेवा, कारण तिथे तुम्ही नसणार.

न्यायाधीन बंदी शिक्षा भोगत नसतो, हे १८९४ चा इंग्रजांचा कारागृह कायदासुद्धा मान्य करतो. त्याला शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं असतं. तो स्वतःचे कपडे घालू शकतो, आणि नियमांच्या मर्यादेत अन्न, कपडे, अंथरूण बाहेरून घेऊ शकतो (कलम ३१). वकिलाची भेट शक्यतो दुसरं कोणी हजर नसताना व्हायला हवी (कलम ४०). सहा वर्षांखालचं मूल आईसोबत राहू शकतं. जातीवरून काम किंवा बराक वाटून देणं सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात घटनाबाह्य ठरवलं आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा तो निकाल. साफसफाई कोणाकडून करून घेतली जाते, हे भेटीत विचारायला लाजू नका.

पैसे बंद्याच्या पीपीसी, म्हणजे तुरुंगातल्या वैयक्तिक, खात्यावर जमा होतात आणि कॅन्टीनमधून खर्च होतात. मर्यादा बदलत असतात, गेटवरच्या फलकावर पाहा. मुलाखतीसाठी ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर नोंदणी करता येते आणि व्हिडिओवरची ई-मुलाखतही मिळते. पहिल्या वेळी ओळखपत्राची झेरॉक्स जास्तीच्या प्रतींसह न्या, गेटजवळचं झेरॉक्सचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद असतं.

सोयीचा अर्ज कसा लिहायचा

तळोजा कारागृहातली दोन प्रकरणं यासाठी नीट समजून घेण्यासारखी आहेत.

एल्गार परिषद प्रकरणातलेच आरोपी फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सन होता, वय ८३. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी विशेष कोर्टात अर्ज केला की, अटकेच्या वेळी एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्थेने) घेतलेली स्ट्रॉ आणि सिपर परत द्यावेत. उत्तरासाठी एनआयएने वेळ मागितला, आणि २६ नोव्हेंबरला सांगितलं की या वस्तू आमच्याकडे नाहीत. अर्ज फेटाळला गेला. मग नवा अर्ज: तुरुंगात स्ट्रॉ, सिपर आणि थंडीचे कपडे वापरू द्यावेत. तेव्हा कुठे कोर्टाने तुरुंगाचं म्हणणं मागवलं. एका पेल्यासाठी इतके आठवडे गेले ही लाजेची गोष्ट आहेच, आणि ती अर्ज करणाऱ्याची नाही. पण अर्ज लिहिणाऱ्याला यातून एक गोष्ट शिकता येते. 'परत द्या' म्हटलं की समोरच्याला 'आमच्याकडे नाही' म्हणायची सोय होते. 'वापरू द्या' म्हटलं की उत्तर तुरुंगाला द्यावं लागतं. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनावरची सुनावणी चालू असतानाच, स्टॅन स्वामी वांद्र्याच्या रुग्णालयात वारले.

त्याच हिवाळ्यात त्याच प्रकरणातले गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात हरवला. घरच्यांनी टपालाने नवा पाठवला, तुरुंगाने पार्सल परत केलं. उच्च न्यायालयाने यावर कान उपटले आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायला हवी असं म्हटलं. यातून घ्यायचं ते असं की, वस्तू पाठवण्याआधी परवानगीचा कागद हातात हवा.

क्रम असा ठेवा. आधी अधीक्षकाकडे लेखी अर्ज, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का घेऊन. शिक्का देत नाहीत? रजिस्टर्ड पोस्टाने किंवा अधिकृत ईमेलवर पाठवा. दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर कोर्टात. जीवावरचं असेल तर दोन्ही एकाच दिवशी. कनिष्ठ कोर्टात मराठी अर्ज चालतो. मधुमेही बंद्यासाठीचा नमुना:

मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, ______ यांचे कोर्टात
गु.र.नं. ___ / ____, ______ पोलीस ठाणे
आरोपी: ______ (न्यायालयीन कोठडीत, ______ कारागृह)

विषय: कारागृहात इन्सुलिन वेळेवर मिळणेबाबत.

१. आरोपी दि. ____ पासून न्यायालयीन कोठडीत आहे.
२. आरोपीस टाइप-१ मधुमेह असून जेवणाआधी व रात्री असे दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी कागद क्र. १ म्हणून जोडली आहे.
३. दि. ____ रोजी मा. अधीक्षकांकडे अर्ज दिला. आवक शिक्क्याची प्रत कागद क्र. २. अद्याप कार्यवाही झालेली नाही.
४. इन्सुलिन चुकल्यास आरोपीच्या जीवास धोका आहे.

सबब मे. कोर्टास नम्र विनंती की,
(अ) कारागृह अधीक्षकांनी आरोपीस चिठ्ठीप्रमाणे इन्सुलिन ठरल्या वेळी द्यावे व ते शीतपेटीत ठेवण्याची व्यवस्था करावी;
(ब) कारागृहात ते उपलब्ध नसल्यास कुटुंबीयांकडून स्वीकारावे;
(क) दिलेल्या मात्रांची व रक्तशर्करेची नोंद ठेवून पूर्तता अहवाल ४८ तासांत मे. कोर्टात सादर करावा;
(ड) हुकमाची प्रत हमदस्त मिळावी;
(इ) न्यायहिताचे इतर योग्य ते हुकूम व्हावेत.
येणेप्रमाणे अर्ज.

यातली (क) आणि (ड) बहुतेक अर्जांत नसतात. त्या नसल्या की हुकूम येतो: 'अधीक्षकांनी नियमाप्रमाणे योग्य ती कार्यवाही करावी.' ऐकायला बरा, करायला शून्य. नियमाप्रमाणे तर आधीच करायचं होतं! कोर्टाने काय करा, कोणी करा आणि कधीपर्यंत ते सांगितलं तरच पुढच्या तारखेला विचारता येतं. हमदस्त प्रत मिळाली तर तुम्ही ती स्वतः गेटवर नेऊन शिक्का घेऊ शकता. नाहीतर हुकूम आवक-जावकच्या गठ्ठ्यात चार दिवस पडून राहतो.

घरच्या जेवणाचा अर्ज आजारपणाच्या आधाराशिवाय सहसा टिकत नाही. 'आतलं जेवण चांगलं नाही' हे न्यायाधीशांना माहीत असतं, त्यांना डॉक्टरने लिहिलेला आहार हवा असतो. कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, पुस्तकं, परीक्षेचा फॉर्म, यासाठीही हाच साचा: एक वस्तू, एक कारण, एक मुदत. दहा तक्रारी एका अर्जात कोंबल्या की सगळ्यात क्षुल्लक तक्रारीवर चर्चा होऊन बाकी वाहून जातात.

बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं असेल तर अडतं ते पोलीस गार्डवर. 'गार्ड उपलब्ध नाही' म्हणून जे. जे. किंवा ससूनची तारीख हुकते. अर्जात रुग्णालय, विभाग आणि तपासणीची तारीख घाला, आणि गार्ड पुरवण्याचे आदेश पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना द्यावेत अशी मागणी करा. जवळच्या नातेवाइकाच्या अंत्यसंस्कारासाठी पोलीस बंदोबस्तात जायची परवानगी मागताना एस्कॉर्टचा खर्च तुमच्यावर टाकला जाऊ शकतो. परिस्थिती नसेल तर खर्च माफीची मागणी त्याच अर्जात लिहा.

माणसाला अचानक दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगात हलवलं तर लगेच हरकत घ्या. आर्थर रोडमधून रेल्वे बॉम्बस्फोटातल्या आरोपींना हलवण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं आहे की, न्यायाधीन बंद्याला हलवायला ज्या कोर्टाच्या ताब्यात तो आहे त्याची परवानगी लागते, आणि बंद्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. महाराष्ट्र सरकार विरुद्ध सईद सोहेल शेख, हे नाव वकिलाला सांगा.

खालच्या कोर्टात काहीच हललं नाही तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट. तिथे इंग्रजी लागतं, आणि आधीचे सगळे शिक्के मारलेले अर्जच तुमचा पुरावा असतात. आतला माणूस स्वतःही पत्र लिहू शकतो. तिहारमधल्या एका कैद्याच्या मारहाणीबद्दल सुनील बत्रा यांनी पाठवलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं होतं.

दोषारोपपत्र आल्यावर

प्रती मोफत मिळतात, आणि हजर झाल्यापासून १४ दिवसांत मिळायला हव्यात (कलम २३०). पानं मोजून घ्या. पंचनामे, जबाब, सीडीआर (फोन कॉलची नोंद), सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह, यातलं काय राहिलंय याची यादी करून लेखी मागा. 'प्रती मिळाल्या' अशी सही आरोपीकडून तारखेच्या गर्दीत घेतली जाते. ती सही होण्याआधी यादी तयार हवी.

दोषमुक्तीच्या, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच खटल्यातून वगळावं अशा, अर्जाला आता ६० दिवसांची मुदत आहे. सत्र खटल्यात प्रकरण वर्ग झाल्यापासून, मॅजिस्ट्रेटकडच्या वॉरंट खटल्यात प्रती मिळाल्यापासून. पूर्वी असं बंधन नव्हतं, त्यामुळे जुन्या सवयीचे वकील निवांत असतात. वहीत ही तारीखही लिहा. जप्त झालेला फोन, रिक्षा, दुचाकी परत मिळवण्याचा मुद्देमालाचा अर्ज (कलम ४९७, ५०३) यासोबत उरकता येतो. रिक्षा हेच पोटाचं साधन असेल तर त्याआधीच करा.

जामीन मिळाला, माणूस बाहेर यायचाय

शाहरुख खानच्या मुलाला, आर्यनला, २८ ऑक्टोबर २०२१ ला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी कागद आर्थर रोडच्या जामीन पेटीत वेळेत पडला नाही म्हणून आणखी एक रात्र आत गेली. (पुढे त्याच्यावर आरोपच ठेवले गेले नाहीत.) ज्यांच्या दारात वकिलांची फौज असते त्यांचं हे. तेव्हा पेटी कधी उघडते, ते त्या-त्या तुरुंगात आधीच विचारून ठेवा. आता हुकूम ईमेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी अधीक्षकाकडे जायला हवा, असे ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. तरी कोर्टातल्या कारकुनाकडून तो गेला का, याची खात्री करा.

जामीनदाराचे कागद हुकमाची वाट न पाहता जमवा: आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि ऐपतीसाठी सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. दाखल्याला दिवस लागतात. म्हणून सुरुवातीला काही आठवड्यांसाठी रोख जामीन भरून सोडावं, जामीनदार नंतर देतो, अशी मागणी करता येते. मुंबईत ती बऱ्याचदा मान्य होते. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ (४४०) खाली कमी करून मागा. १९७८ च्या मोतीराम निकालात गरीब गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागण्यावर आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर न्या. कृष्णा अय्यर यांनी ताशेरे ओढले होते. लातूरच्या मजुराला ठाण्यात 'स्थानिकच जामीनदार आणा' म्हटलं तर तो निकाल दाखवा.

सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंद्यांसाठीच्या योजनेतून जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते; २०२३ मध्ये तिची मर्यादा ४० हजारांची होती. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए, मनी लाँड्रिंग, भ्रष्टाचार प्रतिबंध यांसारखे काही कायदे तिच्यातून वगळले आहेत. यासाठीही त्याच सचिवांकडे जायचं.

अटी नीट वाचा. 'दर सोमवारी सकाळी १० ते १२ हजेरी' असेल तर गेल्यावर ठाण्यातल्या वहीत सही करून स्वतःच्या वहीतही शिक्का किंवा अंमलदाराची सही घ्या. देत नसतील तर ठाण्याच्या पाटीसमोर तारीख-वेळेसह फोटो काढून वकिलाला पाठवा. कामावर सुट्टी मिळत नसेल, बदलीची ड्यूटी असेल तर हजेरी चुकवू नका, वार किंवा वेळ बदलून मिळावी म्हणून अर्ज करा. तीन महिने नियमित हजेरी झाल्यावर अट शिथिल करण्याचा अर्ज करताना हीच पानं जोडायची असतात.